कॉइलओव्हर बसवल्यावर गाडीची उंची कशी सेट करायची? माझ्या एमएक्स-५ वरून सोप्या भाषेत माहिती

जमिनीला जवळजवळ टेकलेल्या स्पोर्ट्स कारचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. टायर आणि मडगार्डमध्ये एक बोटही जाणार नाही इतकी कमी फट, संथ म्युझिक आणि खाली हजारो लाइक्स. पण ती उंची नेमकी कशी ठरवतात, हे रीलमध्ये कोणी सांगत नाही. मलाही माहीत नव्हतं. मी अंदाजाने सेट केली आणि तपासणीत गाडी नापास झाली.

मी जर्मनीत राहतो. माझ्याकडे दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे. हीच गाडी अमेरिकेत मियाटा म्हणून ओळखली जाते. पहिली एमएक्स-५ १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये आली आणि माझ्या गाडीची पिढी १९९८ ते २००५ या काळात विकली गेली. दोन सीट, उघडणारं छत, मागच्या चाकांना ताकद आणि वजन जेमतेम टनभर. एवढ्या हलक्या गाडीत सस्पेन्शनमधला छोटा बदलही लगेच जाणवतो. म्हणूनच या लेखात तिचं उदाहरण घेतलंय. मूळ नियम मात्र कॉइलओव्हर असलेल्या कोणत्याही गाडीला लागू पडतात.

## कॉइलओव्हर म्हणजे काय?

शॉक ॲब्सॉर्बरच्या अंगावरच स्प्रिंग चढवलेली असते, त्या जोडीला कॉइलओव्हर म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या किटमध्ये शॉकच्या बाहेरच्या बाजूला आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर एक रिंग फिरते आणि तिच्यावर स्प्रिंग बसते. रिंग वर नेली की गाडी वर जाते, खाली आणली की गाडी खाली येते. तिच्याखाली दुसरी रिंग असते ती लॉक रिंग. पहिली रिंग आपोआप फिरू नये म्हणून ही घट्ट करायची.

याचे दोन प्रकार आहेत:

- पहिल्या प्रकारात फक्त स्प्रिंगखालची रिंग फिरते. गाडी खाली आणली की शॉकचा दांडा आधीच जास्त आत गेलेला असतो, त्यामुळे खड्ड्यात दबायला जागा कमी उरते.
- दुसऱ्या प्रकारात शॉकची एकूण लांबी वेगळी बदलता येते. इथे उंची बदलली तरी दांड्याला दबायला तेवढीच जागा राहते. हे किट महाग असतं.

माझं किट पहिल्या प्रकारचं आहे. तुमचं कोणतं आहे, हे आधी तपासा, कारण पुढचा बराचसा हिशोब त्यावर अवलंबून आहे.

## उंची कुठून मोजायची?

बरेच जण जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतात. यात गडबड होते. टायरची हवा कमी-जास्त असेल, टायर झिजला असेल किंवा वेगळ्या साइजचा असेल, तर आकडा बदलतो. मग सस्पेन्शन बदललंय की टायर, हे कळत नाही.

बरोबर पद्धत अशी आहे: चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. टायर कोणताही असो, हा आकडा फक्त सस्पेन्शनबद्दल बोलतो. जर्मनीत किटसोबत एक प्रमाणपत्र येतं. त्यातही उंचीची मर्यादा साधारणपणे याच मापात दिलेली असते.

किट बसवण्याआधी चारही कोपऱ्यांचे आकडे मोजा आणि मेझरिंग टेप चाकाला लावून ठेवलेला फोटो काढा. जुनी स्प्रिंग काढली की मूळ आकडा परत मिळत नाही. माझ्या गाडीचे मूळ आकडे पुढे ३५५ मिमी आणि मागे ३६० मिमी होते.

## माझी चूक कुठे झाली?

माझ्या किटच्या प्रमाणपत्रात पुढची उंची ३२० मिमीपेक्षा कमी नको, असं लिहिलं होतं. मी ३२५ ठरवले. गाडी वर उचलली, रिंग फिरवल्या, सगळे बोल्ट घट्ट केले, जॅक खाली घेतला आणि लगेच टेप लावला. बरोबर ३२५! मी खूश.

तीन दिवसांनी तपासणीसाठी गेलो. केंद्र घरापासून वीसेक किलोमीटरवर. तिथल्या इंजिनिअरने पुन्हा मोजलं तर पुढची उंची भरली ३०८ मिमी. मग त्यांनी गाडीचं पुढचं उजवं आणि मागचं डावं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवायला लावलं. वळणावरच्या खड्ड्यात गाडी जशी पिळली जाते, तशी ती तिथे पिळली गेली. पुढच्या उजव्या टायरची बाहेरची कड आतल्या प्लास्टिकला घासत होती.

नापास. जर्मनीत अशा बदलाला मंजुरी मिळाली नाही, तर गाडी रस्त्यावर चालवण्याची परवानगीच रद्द होते. पण मला कागदापेक्षा त्या टायरने जास्त घाबरवलं. महामार्गावर शेजारी कोणी बसलेलं असताना टायर घासून कापला गेला असता तर?

घरी आल्यावर शांतपणे विचार केला. रिंग जागची हलली नव्हती. मग १७ मिमी गेले कुठे? उत्तर दोन भागांत सापडलं.

पहिलं कारण: गाडी बसलीच नव्हती. गाडी वर उचलली की चाकं खाली लोंबतात आणि थोडी आत ओढली जातात. खाली ठेवताना चाकांना बाहेर सरकायचं असतं, पण टायर जमिनीला धरून ठेवतो. त्यामुळे गाडी काही काळ खोटी उंच उभी राहते. पाच-दहा मीटर पुढे-मागे ढकलल्याशिवाय ती खरी बसत नाही.

दुसरं कारण: बुश हवेत घट्ट केले होते. सस्पेन्शनच्या आर्म जिथे गाडीला जोडलेल्या असतात तिथे रबरी बुश असतात. बोल्ट घट्ट केला की बुशची आतली नळी जागेवर पकडली जाते आणि आर्म हलते तेव्हा रबर पिळलं जातं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला, तर रबर त्या लोंबत्या स्थितीलाच सरळ समजतं. मग गाडी खाली ठेवली की ते कायम पिळलेलं राहतं आणि एखाद्या जादा स्प्रिंगसारखं गाडी वर धरून ठेवतं. चालवल्यावर ते सैल पडत जातं आणि उंची घसरते. शिवाय असे बुश लवकर फाटतात ते वेगळंच.

थोडक्यात, मी गाडीची उंची मोजलीच नव्हती. मी मोजला होता टायरचा अडकलेपणा आणि रबराचा पीळ.

## तयारी: जागा आणि हत्यारं

आधी सपाट जागा शोधा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. माझ्या गाडीचा व्हीलबेस २२६५ मिमी आहे. जमिनीला फक्त अर्ध्या अंशाचा उतार असेल, तर पुढच्या आणि मागच्या चाकाच्या पातळीत जवळपास २० मिमीचा फरक पडतो. उतार असला की वजनही खालच्या बाजूला सरकतं आणि चारही आकडे बिघडतात.

इथे तुमचा फोन कामाला येईल. लेव्हल ॲप उघडा, पण फोन पाठीवर ठेवू नका, कारण मागचा कॅमेरा वर आलेला असतो. कव्हर काढा, फोन आडवा त्याच्या सरळ कडेवर एका लांब सरळ पट्टीवर ठेवा. आकडा बघा, मग फोन उलट दिशेला वळवून पुन्हा बघा. दोन्ही वेळी उतार सारखाच दाखवला तर फोन बरोबर आहे. वेगळा दाखवला तर दोन्हींची सरासरी धरा.

त्याहून अचूक उपाय आपल्याकडच्या गवंड्यांकडे आहे: पारदर्शक नळीत पाणी भरायचं आणि दोन टोकांची पाण्याची पातळी बघायची. चारही चाकांच्या जागा मी अशाच तपासल्या आणि खोलगट जागी पातळ प्लायवूडचे तुकडे टाकले.

बाकी लागणाऱ्या वस्तू:

- जॅक आणि किमान दोन मजबूत जॅक स्टँड
- चाकांना लावायला अडण्या
- रिंग फिरवायचे आकड्याचे दोन पाने (किटसोबत मिळतात)
- टॉर्क रेंच
- आटे साफ करायला ब्रश
- मेझरिंग टेप, मास्किंग टेप, मार्कर
- चार केबल टाय

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात किंवा डोकं घालायचं नाही. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, गाडी धरून ठेवायला स्टँड लागतात. स्टँड कुठे लावायचे, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दाखवलेलं असतं.

## उंची सेट करायची पद्धत

१. गाडी रोजच्या वजनात आणा. टायरमध्ये योग्य हवा, पेट्रोल अर्धी टाकी, डिकी रिकामी. मी एकटाच चालवतो म्हणून ड्रायव्हर सीटवर आणि तिच्या पायाशी मिळून माझ्या वजनाएवढे पाण्याचे कॅन ठेवले. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हिशोब सोपा.

२. गाडी बसवा आणि मोजा. पुढे-मागे ढकला, चारही कोपरे दोन-तीनदा दाबून सोडा, मग मोजा. आकडे फोनमध्ये लिहा.

३. रिंग किती फिरवायची, ते काढा. इथे बहुतेक जण फसतात. माझ्या गाडीत शॉक चाकाजवळ नसून आर्मच्या मध्ये कुठेतरी जोडलेला आहे. म्हणून रिंग १० मिमी हलवली की चाकाजवळ उंची साधारण १३ ते १४ मिमी बदलते. बऱ्याच हॅचबॅकच्या पुढच्या बाजूला मॅकफर्सन प्रकारचं सस्पेन्शन असतं. तिथे हे प्रमाण जवळपास एकास एक असतं. मला पुढे ३०८ वरून ३३० वर जायचं होतं, म्हणजे २२ मिमी. त्यासाठी रिंग १६ मिमी वर हवी होती. माझ्या किटमध्ये एका फेऱ्यात रिंग २ मिमी सरकते, म्हणजे आठ फेरे.

४. आटे साफ करा, मगच फिरवा. गाडी उचला, स्टँडवर ठेवा, चाक काढा. आट्यांवरची माती ब्रशने काढा. आधी लॉक रिंग सैल करा, मग वरची रिंग फिरवा. रिंगवर मार्करने खूण करा म्हणजे फेरे मोजता येतात. डाव्या-उजव्या बाजूला सारखेच फेरे द्या.

५. स्प्रिंग सैल राहिली नाही ना, बघा. चाक पूर्ण लोंबत असताना स्प्रिंग हाताने हलता कामा नये. ती सैल असेल, तर उडी बसल्यावर जागेवरून सरकू शकते. पहिल्या प्रकारच्या किटमध्ये गाडी किती खाली आणता येईल, याची एक मर्यादा इथेच ठरते.

६. बुश सैल करा, गाडी खाली ठेवा, मग आवळा. आर्मचे बोल्ट थोडे सैल करा. चाकं लावून गाडी जमिनीवर आणा, ढकलून बसवा आणि मगच बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. खाली हात पोचत नसेल तर रॅम्पवर चढवा, पण वजन चाकांवरच हवं. एमएक्स-५ मध्ये आर्मच्या काही बोल्टवरच अलाइनमेंट ठरते. ते सैल करण्याआधी त्यांची जागा मार्करने खुणवून ठेवा. चाकांचे नट माझ्या गाडीला ९० ते ११८ न्यूटन मीटर लागतात.

७. थोडं चालवा आणि पुन्हा मोजा. पन्नासेक किलोमीटर सावकाश चालवल्यावर येणारा आकडा खरा. माझ्या वेळी दुसऱ्या प्रयत्नात फरक फक्त २ मिमीचा आला.

## एक कोपरा वर, तर दुसरा का हलतो?

पाटाखाली किंवा चौरंगाखाली जमीन उंचसखल असली की काय होतं, आठवा. एका पायाखाली कागदाची घडी घातली की तो पाय आणि समोरचा तिरका पाय टेकतो, उरलेले दोन हलके होतात. गाडीचंही तसंच. पुढचा डावा कोपरा उचलला, तर पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकावरचं वजन वाढतं. दुसऱ्या तिरक्या जोडीवरचं कमी होतं.

म्हणून एका बाजूला मडगार्डची फट ४ मिमीने कमी दिसतेय म्हणून तेवढीच एक रिंग फिरवू नका. जुन्या गाडीचं मडगार्डच थोडं वाकडं असू शकतं. फट सारखी दिसेल, पण वजन बिघडेल आणि ब्रेक मारल्यावर हलक्या पडलेल्या चाकाची पकड आधी सुटेल. ट्रॅकवर चालवणारे चार वजनकाटे लावून तिरक्या जोड्यांचं वजन जुळवतात. रस्त्यावरच्या गाडीला डाव्या-उजव्या रिंग सारख्या उंचीवर ठेवणं बहुतेक वेळा पुरतं.

## केबल टायची युक्ती

शॉकच्या चकचकीत दांड्याला तळाशी एक केबल टाय हलकेच बांधा. गाडी नेहमीच्या रस्त्यावर, थोड्या खडबडीत भागातून फिरवून आणा. शॉक जितका दबला तितका टाय वर सरकलेला दिसेल. दांड्याच्या वरच्या टोकाला रबराचा किंवा फोमचा बम्प स्टॉप असतो. टाय दरवेळी तिथपर्यंत जात असेल, तर तुमची गाडी स्प्रिंगवर नाही, बम्प स्टॉपवर चाललीय.

पहिल्या वेळी माझी गाडी उभी असतानाच बम्प स्टॉपपर्यंत जेमतेम १२ मिमी उरले होते. आता २८ मिमी आहेत. गंमत म्हणजे, उंच केल्यावर गाडी वळणावर जास्त स्थिर वाटते. कारण बम्प स्टॉपला आपटलं की ते चाक एकदम कडक होतं आणि पकड सोडतं.

## उंचीनंतरची दोन कामं

व्हील अलाइनमेंट: उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. एमएक्स-५ खाली आणली की चाकांची वरची कड आत झुकते, यालाच निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. चाकांची दिशा म्हणजे टो पण बदलते. टो चुकला तर टायरची आतली कड काही हजार किलोमीटरमध्ये साफ होते आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. आधी उंची पक्की करा, मगच अलाइनमेंटला जा. उलट केलंत तर पैसे दोनदा जातील.

हेडलाइट: पुढची आणि मागची बाजू सारखी खाली आली नाही, तर दिव्याचा झोत वर किंवा खाली जातो. तो पुन्हा सेट करून घ्या. जर्मनीत लो बीमची खालची कड जमिनीपासून किमान ५०० मिमी वर असावी लागते.

## भारतात असाल तर

माझदाने एमएक्स-५ भारतात विकली नाही, पण कॉइलओव्हर बसवलेल्या हॅचबॅक आणि सेडान पुण्या-मुंबईतही दिसतात. दोन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे पैसे भरण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा.

दुसरी स्पीड ब्रेकरची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक नियमानुसार गोलाकार स्पीड ब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्याच्या गोलाईची त्रिज्या १७ मीटर. माझ्या गाडीएवढ्या व्हीलबेसची दोन्ही चाकं त्यावर एकाच वेळी मावतात. हिशोब केला तर गाडीच्या पोटाखाली तो चाकांच्या रेषेपेक्षा फक्त ४ सेंमी वर येतो. म्हणजे नियमातल्या स्पीड ब्रेकरवरून खाली आणलेली गाडीही जाते. पण सोसायटीच्या गेटजवळ टाकलेला अरुंद, उभा ढिगारा दोन चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीनिशी येतो आणि सायलेन्सर तिथेच घासतो. तुमच्या रोजच्या वाटेवरचा सर्वात वाईट स्पीड ब्रेकर मोजा आणि गाडीची उंची त्यावरून ठरवा.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रिंग वर घेतली की स्प्रिंग कडक होते का?
नाही. समजा स्प्रिंग ६ किलोला १ मिमी दबते आणि तिच्यावर ३०० किलो भार आहे, तर ती ५० मिमी दबणार. रिंगने आधीच ५ मिमी दाबून ठेवली, तर गाडीच्या वजनाने पुढे ४५ मिमी दबेल. एकूण ५०च. बदलते ती उंची, कडकपणा नाही.

किती खाली आणावी?
रोज चालवायची असेल तर मूळ उंचीपेक्षा २० ते ३० मिमी माझ्या अनुभवात पुरेसं आहे. मी २५ मिमीवर थांबलो: पुढे ३३०, मागे ३३५.

पुन्हा कधी तपासायचं?
पहिल्या ५० किलोमीटरनंतर, मग ५०० नंतर, मग वर्षातून एकदा. प्रत्येक वेळी लॉक रिंगही तपासा. पावसाळ्यानंतर किंवा इकडे हिवाळ्यातल्या मिठानंतर आटे धुवून घ्या, नाहीतर रिंग गंजून कायमची अडकते.

## शेवटी एवढंच

दुसऱ्यांदा तपासणीला गेलो तेव्हा इंजिनिअरने टेप लावला, ठोकळ्यांवर चढवून टायरभोवती हात फिरवला आणि कागदावर सही केली. टायर आणि मडगार्डमध्ये आता दोन बोटं आरामात जातात. रीलसाठी ही फट जरा जास्त आहे. पण शेजारी माणूस बसलेला असताना, भर वेगात, वळणावर खड्डा आला तर टायरला लागणारी जागा तीच आहे. म्हणून रिंगला हात लावण्याआधी मोजा आणि गाडी नीट बसल्यावर पुन्हा मोजा.